कोंडाईचा चाळिसावा दिवस

गावांच्या शिवेवर दगड रोवायची पद्धत पडली नव्हती, शीव माणसांच्या पायांत राहायची, तेव्हाची ही गोष्ट. फार वर्षं झाली. किती, ते नक्की विचारू नका. टाकळदऱ्यात नऊ पिढ्या सांगतात, भोरखडीत अकरा सांगतात, आणि दोन्हीकडचे लोक बोटांवर मोजून अगदी खात्रीने सांगतात.

टाकळदरा आणि भोरखडी ही एकाच डोंगराखालची दोन गावं. मधे मोठा माळ. माळावर तीन टेकाडं, तिन्ही एकसारखी, कुणी एकाच साच्यातून काढावीत तशी. तिसऱ्या टेकाडाच्या पायथ्याशी जांभळीच्या झाडाखाली एक झरा. त्याला जांभूळझरा म्हणतात. झरा तेव्हाही होता, आताही आहे. एवढं मात्र नक्की.

टाकळदऱ्याचा येसकर होता गोंदनाक. येसकर म्हणजे वेशीबाहेर राहून वेस राखणारा. गावात कोण आलं, कोण गेलं हे त्याला ठाऊक, आणि गावाची शीव कुठून कुठं जाते हेही फक्त त्यालाच ठाऊक. पाटलाकडे शिक्का होता, जोशाकडे पंचांग होतं, पण शीव गोंदनाकाकडे होती. गाव त्याला वेशीबाहेर ठेवायचं, आणि शिवेचं भांडण लागलं की त्याच्याच तोंडाकडे बघायचं.

दरवर्षी दसरा झाला की गोंदनाक एकटा शीव चालून यायचा. एकटा म्हणजे, मागून त्याची लेक असायची, कोंडाई, भाकरीचं गाठोडं घेऊन. तो वाटेत बोलायचा नाही. हा खडक ध्यानात ठेव, ही बाभूळ ध्यानात ठेव, असं त्याने तिला एकदाही सांगितलं नाही. शीव लेकाला सांगायची, लेकीला नाही, असा तेव्हाचा समज होता, आणि लेक तर त्याला झालाच नाही. कोंडाई आपली बापाच्या टाचांकडे बघत चालायची. त्या टाचांना भेगा होत्या, उजवीला तीन, डावीला पाच. लग्न होऊन गेली, वर्षभरात नवरा वारला, माहेरी परत आली, आणि पुन्हा त्या टाचांमागे चालू लागली. अशी वीस वर्षं चालली.

कोंडाई भित्री होती. हे दोन्ही गावं सांगतात, यात दुमत नाही. कावळा अचानक ओरडला तरी तिच्या हातातलं भांडं पडायचं. कुणी मागून हाक मारली तर ती आधी दचकायची, मग वळायची, आणि तिचं दचकणं बघून हाक मारणाराच जास्त दचकायचा.

मग गोंदनाक वारला. आणि त्याच वर्षीपासून पावसाने पाठ फिरवली. एक वर्ष गेलं, दोन गेली, तिसऱ्या वर्षी टाकळदऱ्याच्या विहिरींत खाली उतरून हाताने माती खरवडली तरी ओल लागेना. भोरखडीचीही तीच गत. राहिला फक्त जांभूळझरा. त्याचं पाणी आटून करंगळीएवढं झालं होतं. त्या करंगळीखाली दोन्ही गावांच्या घागरी आल्या, आणि पहिल्याच आठवड्यात त्यांतल्या निम्म्या फुटल्या.

टाकळदऱ्याचे रंभाजी पाटील म्हणाले, झरा आमच्या शिवेत. भोरखडीचे सुभानजी पाटील म्हणाले, आमच्या. भांडण कसब्याच्या पंचांकडे गेलं. पंचांनी विचारलं, शीव ठाऊक असलेला माणूस कोण? भोरखडीचा येसकर अंथरुणाला खिळलेला होता, त्याची वाचा गेली होती. टाकळदऱ्याचा मेलेला. दोन्ही गावं एकमेकांकडे बघत राहिली. दोघांकडेही शीव होती, आणि ती कुठे ठेवली ते कुणालाच आठवत नव्हतं.

कुणीतरी म्हणालं, गोंदनाकाची लेक मागून जायची.

रंभाजी पाटलांना ते पटलं नाही. बाईमाणसाने शीव चालल्याचं त्यांनी ऐकलं नव्हतं. पण सुभानजी पाटील हसले आणि म्हणाले, "चालू द्या की तिला. तित्तर उडाला तर मध्येच बसंल खाली." भोरखडीची माणसं हसली. त्या हसण्यामुळेच रंभाजी पाटील हटून बसले, असं म्हणतात. चालेल तर कोंडाईच चालेल.

आता शीव चालणं म्हणजे काय, ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. चालणाऱ्याने पहाटे अंघोळ करायची. ओल्या कपड्यांनी वेशीवर यायचं. डोक्यावर शिवेच्या मातीचं ढेकूळ घ्यायचं आणि मुक्याने चालायला लागायचं. मागे वळून बघायचं नाही. त्याचं पाऊल पडेल ती शीव. पंच आणि दोन्ही गावं मागून चालणार. आणि त्यानंतर चाळीस दिवस वाट बघायची. चाळीस दिवसांत चालणाऱ्याला काही अपाय झाला, साप चावला, ताप आला, घर पडलं, तर तो खोटं चालला असं धरायचं, आणि झरा दुसऱ्या गावाचा. काही झालं नाही, तर तो खरं चालला.

कोंडाईला हे सांगितलं तेव्हा ती नाही म्हणाली नाही आणि हो म्हणाली नाही. ती पंचांकडे बघत राहिली. तिचं गप्प राहणं म्हणजे होकार असं पंचांनी धरलं. टाकळदऱ्यात अजून काही जण म्हणतात की तिला नाहीच म्हणायचं होतं, पण घशातून आवाज निघाला नाही.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी ती निघाली. डोक्यावर ढेकूळ, नारळाएवढं. पहिल्या टेकाडापर्यंत ती सरळ गेली, मागचा जमाव सरळ गेला. तिथून पुढे शीव डावीकडून जाते हे टाकळदऱ्यात शेंबड्या पोरालाही वाटत होतं. कोंडाई डावीकडे वळली. आणि दहा पावलांत तिची मान वाकली. ढेकूळ जड व्हायला लागलं, असं म्हणतात. आधी जात्याच्या तळीएवढं, मग उखळाएवढं. तिचे पाय मातीत घोट्यापर्यंत रुतले. ती थांबली. एक पाऊल उजवीकडे टाकलं, तर ढेकूळ हलकं झालं. दुसरं टाकलं, आणखी हलकं. ती उजवीकडे चालत सुटली, आणि उजवीकडे होती रंभाजी पाटलांची स्वतःची ज्वारीची पट्टी. कोंडाई तिच्या मधून गेली. पाटलांची अर्धी पट्टी भोरखडीला जात होती. पाटलांचा चेहरा बघून त्यांचा घोडाही मागे सरला, असं म्हणतात. मला घोड्याचं काही खरं वाटत नाही, पण भोरखडीत ते सोडायला तयार नसतात.

दुसऱ्या टेकाडापाशी उलटं झालं. तिथे ती भोरखडीच्या गायरानात शिरली. आता सुभानजी पाटील थांबले. लोकांना कळेना की हसावं कुणी आणि रडावं कुणी. जो गट खूश व्हायचा त्याचं पुढच्या शंभर पावलांत काहीतरी जायचं. शेवटी सगळे गप्प झाले आणि नुसते तिच्या मागे चालत राहिले.

तिसऱ्या टेकाडाखाली ती झऱ्यापाशी आली आणि थांबली. झऱ्याच्या अलीकडून गेली तर झरा भोरखडीचा. पलीकडून गेली तर टाकळदऱ्याचा. ती किती वेळ थांबली? कुणी म्हणतं, दोन घागरी भरतील एवढा वेळ. कुणी म्हणतं, सावली जांभळीच्या बुंध्यापासून वाटेवर येईपर्यंत. तिच्या ओठांची हालचाल होत होती पण शब्द नव्हता. मग एकदम, कुणी ढकलावं तशी, ती पलीकडून गेली.

टाकळदऱ्याने गलका केला. ती दचकली, पण ढेकूळ पडलं नाही.

आणि चाळीस दिवस सुरू झाले.

आता ज्या गावाने तिला आयुष्यभर वेशीबाहेर ठेवलं, ते गाव तिच्या दाराशी येऊन बसलं. तिला ठेच लागता कामा नये. तिचं छप्पर पहिल्याच दिवशी नवं शाकारलं. दारासमोरचे सराटे झाडून काढले. विंचू असतील म्हणून भिंतीचा दगड अन् दगड उलटून पाहिला. तिला चूल पेटवू देईनात, चटका बसला तर? घराघरातून तिला भाकरी यायला लागली. ज्यांनी कधी तिच्या अंगणावर सावली पडू दिली नव्हती ते रंभाजी पाटील रोज सकाळी तिच्या उंबऱ्यावर बसून विचारायचे, "कोंडे, झोप लागली न्हवं?" ती म्हणायची, लागली जी. खरं म्हणजे लागलेली नसायची. दारात इतकी माणसं बसल्यावर कुणाला झोप लागेल?

चाळीस दिवसांत नवलही खूप झालं, असं म्हणतात. एक नाग तिच्या पायावरून गेला आणि जाताना फणा जमिनीला टेकवून गेला. बैल उधळला आणि तिच्यापाशी येऊन गुडघ्यावर बसला. डास तिच्या अंगावर बसायचे आणि तसेच उडून जायचे.

भोरखडीने गप्प बसणं शक्यच नव्हतं. काही झालं आणि टाकळदऱ्याने लपवलं तर? म्हणून त्यांनी डोळा ठेवायला एक बाई पाठवली. तिचं नाव गुणाई. अंथरुणाला खिळलेल्या त्यांच्या येसकराची ही सून. तोंडाची फटकळ, नजरेची तिखट. ती कोंडाईच्या समोर गोणपाट टाकून बसली ती बसलीच.

"खोकलीस का गं?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं.

"ठसका लागला. कोरड्यासात मिरची जास्त होती."

"ठसका म्हंजी अपाय का?"

हे कुणालाच माहीत नव्हतं. टाकळदऱ्याची आणि भोरखडीची माणसं त्यावर दिवसभर वाद घालत बसली. शेवटी कसब्याला माणूस धाडला. पंचांनी उलट निरोप दिला की ठसका अपायात धरू नये. शिंकांचं त्यांनी काही सांगितलं नव्हतं, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा माणूस धाडावा लागला.

पंचवीस दिवस असे गेले. दोघी समोरासमोर बसून एकमेकींच्या सवयीच्या झाल्या. गुणाई दळताना कोंडाई तिला ओव्या सुचवायची. कोंडाई दचकली की गुणाई म्हणायची, "कावळा हाय बाई, कसब्याचा पंच न्हवं." एक दिवस दुपारी राखणीची माणसं पेंगत होती, तेव्हा कोंडाईने हळूच विचारलं, "गुणे, म्या खरं चालले का गं?"

"मला काय इचारतीस? म्या भोरखडीची."

"म्हणून तर तुला इचारते. आमच्यातल्या कुणाला इचारलं तर घाबरून मरंल त्यो."

गुणाईने जातं थांबवलं.

"बाप तिथं झऱ्यापाशी बसायचा," कोंडाई म्हणाली. "भाकर खायचा. म्या पानी प्यायचे. पानी लई गार लागायचं, ते आठवतं. त्याच्या टाचा आठवतात. पण उठल्यावर त्यो अलीकडनं निघायचा का पलीकडनं, ते काय केल्या आठवत न्हाई."

"मग पलीकडनं का गेलीस?"

"ढेकूळ हलकं झालं."

गुणाईने जात्यात मूठभर दाणे टाकले. "दमल्यावर बी तसं वाटतं," ती म्हणाली.

कोंडाई म्हणाली, "तेच तर. खोटं बोलले का खरं, माझं मलाच कळंना."

गुणाईने ही गोष्ट आपल्या गावाला सांगायला हवी होती. त्यासाठीच तिला बसवली होती. तिने सांगितलं असं टाकळदऱ्यात म्हणतात. सांगितलं नाही असं भोरखडीत म्हणतात. उलट असायला हवं होतं असं वाटतं, पण आहे ते असं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोंडाईने रंभाजी पाटलांना घरटी एक माणूस बोलवायला सांगितलं. जन्मात पहिल्यांदा तिने पाटलाला काही सांगितलं. एक्केचाळीस घरं होती. एक्केचाळीस माणसं येऊन अंगणात बसली. ती म्हणाली की बापाने शीव एकट्याने डोक्यात ठेवली, आणि तो गेला तशी ती गेली. मला त्याने टाचा दाखवल्या, जमीन दाखवली नाही. आता मला काही झालं तर तुम्ही कुणाच्या मागे चालणार?

मग तिने अंगणात राखेची रेघ ओढली. जसा आठवेल तसा शिवेचा एकेक तुकडा तिने एकेका घराला दिला. या खडकापासून त्या बाभळीपर्यंत तांबटांचं घर. बाभळीपासून वारुळापर्यंत जोशांचं. तिला तर अंगणाबाहेर सोडत नव्हते, म्हणून तीच माणसं माळावर जायची, आपला तुकडा पायाखाली घालायची आणि परत येऊन तिला सांगायची, की कोंडाई, वारूळ आहे पण बाभूळ नाही, तिथं हिवर आहे. ती डोळे मिटायची, आठवून बघायची, कधी म्हणायची, हो, हिवरच असेल. कधी म्हणायची, माहीत नाही. तांबटांचा आणि जोशांचा एका खडकावरून तंटा झाला, तेव्हा ती म्हणाली की दोघंही आपापलं सांगा, दोन्ही ध्यानात ठेवा, एकाने दुसऱ्याचं पुसू नका. अशा रीतीने आठ दिवसांत गावाला आपली शीव समजली. तिलाही तेव्हाच समजली, असं म्हणतात. टाचांच्या आजूबाजूला काय होतं, ते तिला लोकांच्या तोंडून कळलं.

चाळीस तुकडे दिले गेले. झऱ्याचा तुकडा तिने कुणाला दिला नाही. तो ज्या घराच्या वाटणीला यायचा त्यांनी मागून बघितला. ती म्हणाली, थांबा थोडं, तो मलाच नीट ठाऊक नाही.

चाळिसावा दिवस उजाडला. पौष संपून माघ लागला होता. दिवस मावळतीला पंच यायचे होते, आणि कोंडाईला तर साधं पडसंही झालं नव्हतं. टाकळदऱ्यात आनंद मावेना. माणसं वेशीला तोरण बांधायला गेली आणि राखण ढिली पडली. सकाळी इतकं दाट धुकं होतं की दहा पावलांपलीकडचं माणूस दिसत नव्हतं. त्या धुक्यात कोंडाई घराबाहेर पडली. मागे गुणाई.

"कुठं चाललीस? आजच्या दिस गप बस की. सांजच्याला सुटशील."

"सुटंन गं," कोंडाई म्हणाली. "पर त्यो तुकडा कुणाला काय सांगून देऊ?"

ती ढेकूळ न घेता चालली, मागून पंच नसताना, जमाव नसताना चालली, पायाखाली बघत चालली. गुणाई तिच्यामागे चालली. भित्री म्हणून जिला हसायचे ती धुक्यातून सरळ जात होती आणि फटकळ गुणाई, तीच घाबरून थांब थांब म्हणत होती. झरा वीस पावलांवर आला तेव्हा गुणाईच्या पायात सराटा मोडला. ती एका पायावर वाकली, काटा काढला आणि वर बघितलं.

कोंडाई नव्हती.

गुणाईने हाका मारल्या. हाकांनी गाव आलं, दोन्ही गावं आली. धुकं विरलं. झऱ्याभोवतीच्या ओल्या मातीत कोंडाईची पावलं होती, अलीकडून, पलीकडून, गोल गोल, एकावर एक, मोजता येणार नाहीत इतकी. येणारी पावलं होती. जाणारी नव्हती. आणि आटून करंगळीएवढं झालेलं पाणी काठोकाठ आलं होतं, असं म्हणतात. लोकांनी टेकाडं शोधली, ओढे शोधले, कपारी शोधल्या. ना ती सापडली, ना तिचं लुगडं, ना बांगडीचा तुकडा.

संध्याकाळी पंच आले. सुभानजी पाटील म्हणाले, बाई गेली, यापेक्षा मोठा अपाय कोणता? झरा आमचा. रंभाजी पाटील म्हणाले, गेली कुठे? आपल्या पायांनी चालत गेली, धडधाकट गेली, अपाय झाला असेल तर दाखवा. पंच कधी याच्याकडे बघत, कधी त्याच्याकडे. दोघांचंही खरं वाटत होतं.

मग त्यांनी गुणाईला पुढे बोलावलं. गुणाईचं घर भोरखडीत होतं, तिच्या सासऱ्याचं अंथरूण भोरखडीत होतं, तिचं पोट भोरखडीच्या वतनावर होतं. ती झऱ्यात पडली, एवढं एक वाक्य ती बोलली असती तर झरा तिच्या गावाला मिळाला असता. आणि वर्षाचे तीनशे साठ दिवस कोरड्या घशाने काढलेलं तिचं गाव तिच्या तोंडाकडे बघत होतं. सुभानजी पाटील म्हणाले, "सांग गुणे. न भिता सांग."

गुणाई म्हणाली, "म्या काटा काढत हुते. वर बघितलं तवा ती नव्हती. मधलं म्या बघितलं न्हाई."

"पण काय झालं असंल, असं तुला वाटतं?" पंचांनी विचारलं.

"सकाळपास्नं चार येळा येगयेगळं वाटलं," ती म्हणाली. "वाटलेलं सांगून झरा कसा घ्यायचा? ती असती तर तिनं न्हाई घेतला असता."

 सूर्य टेकाडामागे गेला, तरी पंच बसून होते. शेवटी थोरले पंच उठले आणि त्यांनी सांगितलं, कोंडाईला काय झालं हे जोपर्यंत कळत नाही, तोपर्यंत तिचा चाळिसावा दिवस पुरा झाला असं धरता येत नाही. पुढच्या माघात याच दिवशी पुन्हा बसू. तोवर दोन्ही गावांनी पाणी भरावं.

पुढच्या माघात बसले. कळलं नव्हतं. त्याच्या पुढच्या माघातही नाही.

ते थोरले पंच गेले, दोन्ही पाटील गेले, गुणाई म्हातारी होऊन गेली. कसबा गेला, त्याचं तालुक्याचं गाव झालं. पण माघातली ती बैठक मोडली नाही. आता ती आमचं शीवस्मरण मंडळ भरवतं. मंडळ म्हणजे फार मोठं काही नाही. शाळेची मागची खोली, एक लोखंडी कपाट, सात वह्या आणि दोन्ही गावांतली मिळून पंधरा-सोळा माणसं. दसऱ्यानंतर टाकळदऱ्याच्या एक्केचाळीसच्या एक्केचाळीस घरांना मंडळाचा निरोप जातो, आणि घरटी एक माणूस माळावर येऊन आपला तुकडा चालतो, झऱ्याचा तुकडा ज्या घराच्या वाटणीचा ते फक्त झऱ्यापर्यंत येऊन थांबतं. पुण्या-मुंबईला गेलेले येतात. जे येऊ शकत नाहीत ते फोनवर आपला तुकडा म्हणून दाखवतात आणि शेजारचं घर तो त्यांच्या वतीने चालतं. एखादं घर कायमचं उठून गेलं तर त्याचा तुकडा नव्याने राहायला आलेल्या घराला शिकवतात. गेल्या वर्षी हिवराचा तुकडा बिहारहून आलेल्या मिस्त्रीच्या बायकोने चालला. ती न चुकता चालली आणि आमच्यातल्याच दोघांचं चुकलं.

वह्यांत सगळं लिहितात. तांबटांचा खडक आणि जोशांचा खडक अजून दोन्ही लिहितात. पाहिलेलं कुठलं आणि ऐकलेलं कुठलं ते वेगवेगळं लिहितात. आणि एक वही फक्त ठाऊक नसलेल्या गोष्टींची आहे. नवीन माणसाला वाटतं, ती कोरी असेल. सगळ्यांत जाड तीच आहे.

मध्यंतरी मंडळात काही तरुणांनी ठराव आणला होता की एकदाचा निकाल लावून टाकावा. आता नळ आलेत, झऱ्यावर कुणाचं अडलंय? वाद बराच झाला. शेवटी भोरखडीच्या मथुरामावशी उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, "लावा निकाल. आम्हाला मिळाला तर तुम्ही यायचं बंद कराल, तुम्हाला मिळाला तर आम्ही. मग माघात पोळ्या कुणाला घालायच्या, ते तेवढं ठरावात लिहा." ठराव तिथेच राहिला.

माघातल्या त्या दिवशी दोन्ही गावं जांभळीखाली जमतात. सगळ्यांत वयस्कर माणूस पंच होतो. भोरखडीची एक बाई पुढे येते. पंच तिला विचारतात, कोंडाईचं काय झालं, काही कळलं का? ती म्हणते, म्या काटा काढत हुते, मधलं बघितलं न्हाई. ती हे म्हणते तेव्हा कुणी हसत नाही. लहान मुलंसुद्धा नाही. पंच म्हणतात, मग पुढच्या माघात बसू. मंडळ तसं वहीत लिहितं, आणि दोन्ही गावांच्या दोन घागरी एकाच वेळी पाण्याला लावतात.

त्यानंतर जेवायच्या आधी एक काम असतं. सगळे, म्हातारे-कोतारे, जावई, पाहुणे, कुणीही असो, झऱ्याभोवतीची वाट झाडायला लागतात. सराटे वेचतात, काचा वेचतात, टोकदार खडे उचलून लांब टाकतात. पूर्ण वाट अनवाणी चालून बघतात, कुठे टोचत नाही ना. निकाल लागेपर्यंत तिला काही होता कामा नये, आणि ती कुठल्या अंगाने येईल ते आम्हाला माहीत नाही, म्हणून अलीकडूनही झाडतात आणि पलीकडूनही.